लॉजच्या वेबसाइटला तेलुगू, गुजराती शिकवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई लिहितोय, पण इंदिरानगरातल्या निम्म्या लोकांना कळेलच कोणाबद्दल आहे ते. फोनवर आभार मानायला गेलं की "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, आता इथे सगळ्यांसमोर ऐकून घ्या.

तर पंचवटीत आमचं छोटं लॉज, घरच्याच माणसांनी चालवलेलं. गिऱ्हाईक बरंचसं बाहेरचं, त्र्यंबकला पूजेला आलेली आंध्र-तेलंगणाची मंडळी, कर्नाटकातली, वणीच्या गडावर जाणारे गुजराती. वेबसाइट मात्र मराठीत आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय म्हणून म्हटलं एआयने चार भाषा करून टाकू, मिनिटाचं काम आहे असं सगळेच सांगतात. आणि खरंच मिनिटाचंच आहे हो, पण ते मिनिट येतं सगळ्यात शेवटी, त्याच्या आधीचं सगळं तुम्ही बसून करून घेतलंत.

आधी तो मजकूर. माहितीपत्रक वडिलांच्या काळातलं, जुन्या फॉन्टात टाइप केलेलं, कॉपी करून टाकलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्क्याच्या खुणा. मी म्हणत होतो एआय ओळखेल की. तुम्ही म्हणालात ओळखेलही, पण अंदाजाने, आणि तोच अंदाज मग चारही भाषांत जाईल. कन्व्हर्टरमधून युनिकोड (कुठेही मराठीच दिसेल असं टायपिंग) केलं तरी एकेक ओळ वाचायला लावलीत, कारण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले आणि "ऱ्या" तर जिथेतिथे फुटलेला. दरपत्रक फोटोत होतं, ते हाताने टाइप केलं.

मग तुम्ही आमचं मराठीच धरलंत. "जेवण सांगितल्यास मिळेल, कांदा-लसूण नको असल्यास तसे आधी कळवावे अन्यथा नाही." आम्हाला ते बरोबर कळतं, कारण आम्हाला आधीच माहितीय. पण अन्यथा काय नाही? तेलुगू झालेला मजकूर तुम्ही दुसऱ्या टूलमधून परत मराठीत उलटवून दाखवलात तर निघालं, कांदा-लसणाचं कळवलं नाही तर जेवणच नाही! तुम्ही त्याची तीन वाक्यं केलीत. जेवण हवं असेल तर सकाळी दहापर्यंत सांगा. कांदा-लसूण नको असेल तर तेव्हाच सांगा. आयत्या वेळी बदल होणार नाही. बायको म्हणाली, अहो हे मराठी पानावर टाका आधी, इथली माणसंही रोज तेच विचारतात. टाकलं.

रामकुंड, काळाराम, तपोवन, सीतागुंफा ही नावं भाषांतर करायची नाहीत, फक्त लिपी बदलायची, ही यादी दरवेळी मजकुराबरोबर एआयला द्यायची. फोन नंबर, दर, चेकआउटची वेळ शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायची. कंटाळा येतो खरा, पण शून्य एक कमी पडलं तर काउंटरवर भांडण मलाच करायचंय ना.

सगळ्यात भारी म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या राजमुंद्रीच्या मैत्रिणीला तुम्ही तेलुगू पान वाचायला दिलंत ते. तिने भाषेत थोडंच बदललं, पण विचारलं, पुष्करालुबद्दल एक ओळही नाही का? गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ आणि त्यांच्याकडे गोदावरी पुष्करालु, म्हणजे बारा वर्षांनी येणारं गोदावरीस्नानाचं पर्व, २०१५ ला दोन्ही एकाच वर्षी झाले. नदी तीच, इथे ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि राजमुंद्रीवरून पुढे समुद्राला मिळते, त्या गावची माणसं वर्षानुवर्षं आमच्याकडे उतरतात आणि आमच्या वेबसाइटवर त्याचा पत्ताच नाही. मूळ मराठीतच नव्हतं तर एआय बिचारा आणणार कुठून! आता तेलुगू पानावर ती ओळ सगळ्यात वर आहे. गुजराती पानावर नाही, तिथे वणीला कसं जायचं ते वर घेतलंय.

वेबसाइटवाल्याने भाषा बदलायचं आयतं बटण सुचवलं होतं, तेही तुम्ही थांबवलंत. त्या बटणाने समोर बघणाऱ्याला भाषा बदलून दिसते, पण तेलुगूत सर्च करणाऱ्याला गुगल आमचं पान दाखवणार नाही, कारण त्याच्या लेखी तेलुगू पान अस्तित्वातच नाही. म्हणून प्रत्येक भाषेचं वेगळं पान, वेगळी लिंक, आणि ही एकाच पानाची भावंडं आहेत हे गुगलला सांगणारे एचरेफलँगचे टॅग. ते टॅग मला अजून नीट समजलेले नाहीत, तुम्ही लावलेत तसे ठेवलेत, हात लावत नाही.

परवा विजयवाड्याहून फोन आला. जेवणाचं काही विचारलं नाही, सगळं वाचूनच फोन केलेला, दोन रूम आणि कांदा-लसूण नको. फक्त हे सगळं ते तेलुगूतच बोलत होते, आणि आमच्या काउंटरवर तेलुगू कोणाला येतं? शेवटी हिंदीवर आलो. याचा इलाज तेवढा तुम्ही सांगितला नाहीत.

तमिळचा मजकूर शीटमध्ये तयार आहे पण पान सुरू केलेलं नाही. वाचून देणारं माणूस मिळाल्याशिवाय लावायचं नाही हा तुमचाच नियम, तेव्हा ओळखीत कोणी तमिळवाले असतील तर कळवा, एका दिवसाची रूम आणि जेवण आमच्याकडून.

तुमचा,
पंचवटीतला लॉजवाला