पाय बघायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली तेव्हा माझ्या डोक्यात पोडियाट्री, म्हणजे फक्त पायांच्या दुखण्यांवर उपचार करायची विद्या, शिरली होती. घरात विचारावं असं कुणी नव्हतं. बाबा म्हणायचे, "एवढं शिकून लोकांची नखं कापणार का?" मैत्रिणींचा ओढा स्पोर्ट्सकडे, तिथं पैसाही बरा. इंग्लंडात पोडियाट्रीची तीन वर्षांची वेगळी पदवी असते. अमेरिकेत आधी एक पदवी, मग चार वर्षं, वर रेसिडेन्सी. त्या फीपुढं आमचं सोयाबीन किती टिकणार? आपल्याकडं फिजिओसारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात पोडियाट्रिस्टचं नाव आलंय खरं, पण लातुरात तशी पाटी मला तरी कुठं दिसली नाही.

तुमचा उभा जन्म कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून गेला. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. "सकाळी ये, पाय बघायलोत," एवढंच.

तुमच्या ओसरीवर येणारे आता बहुतेक साखरेचे पेशंट. डोळे मिटायला लावून तळव्याला तो नायलॉनचा दोरा टेकवायचा. दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो, आणि तेवढंही कळत नसेल तर त्या पायाची राखण गेली. हे मी पुस्तकात वाचलं होतंच. पण बाभळीचा काटा टाचेत मोडलेला असताना एक आजोबा गप्पा मारत पायऱ्या चढून आले, तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला. तुम्ही त्यांना रागावला नाहीत. आधी चप्पल उलटी करून बघितलीत. काटा तळातून आरपार आला होता. पाय नंतर, चप्पल आधी, हा क्रम मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितला नव्हता.

घट्ट्याखाली जखम दडलेली असते, हेही तिथंच दिसलं. कुष्ठरोगात कोरडा पाय पाण्यात भिजवून, घट्टा घासून, तेल लावायला तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंत. मधुमेहात मात्र पाय भिजत ठेवू नका, असं सांगता. दोन्हीकडं बधिरपणा तोच, तरी सल्ला उलटा! मी का म्हणून विचारलं, तर हसून म्हणालात, "आजार बघून नाही गं, कातडी बघून सांगायचं." कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून जखमा होत जातात. ते तुम्ही असं सांगायचात, जणू ते तुमच्याच तालुक्यात नोकरीला होते.

कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी निघालेल्या त्या मावशींना तर मी सरळ "जाऊ नका" म्हणणार होते. तुम्ही मध्येच बोललात, "आईला सांगा, डॉक्टरनं बूट घालायला लावलेत. महाद्वारापाशी काढा." त्यांना ते पटलं. मला त्या दिवशी कळलं की या कामात निम्मा वेळ बोलण्यातच जाणार आहे, आणि मला ते आवडेल.

तर काका, ठरलं. संभाजीनगरला मधुमेहाच्या एका दवाखान्यात पायांच्याच कामावर रुजू होतेय. पगार स्पोर्ट्सवाल्यांपेक्षा कमी आहे, लपवत नाही. परदेशी पदवीचा विचार सोडलेला नाही, पुढं ढकललाय. तोवर चालण्याचा अभ्यास, पट्टीचं सँडल, प्लास्टर, सगळं हाताखालून जाईल.

एक काम आहे. एमसीआरचं, म्हणजे त्या मऊ रबराचं, सोल घालून मागं पट्टा लावून देणारे तुमचे ते चर्मकार भाऊ अजून तिथंच बसतात का? त्यांचा नंबर पाठवा. दवाखान्यात मागवतात त्या चपला महाग पडतात आणि पेशंट त्या देवघरात ठेवल्यासारख्या जपून ठेवतात. आणि जमलं तर बाबांना एक फोन करा. माझं ते ऐकतात, पण पटतं तुमचंच.

तुमची,
ओसरीवरची फिजिओ