एकाच अहवालावर आतड्याचा निकाल नको

संपादक महोदय,

जुनाट बद्धकोष्ठतेसाठी माझ्या आईची आतड्याच्या गतीची चाचणी दोनदा झाली आणि दोन्ही अहवाल जुळले नाहीत. या चाचणीत साधारणपणे 24 बारीक कड्या भरलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढतात. आत पाचपेक्षा अधिक कड्या उरल्या, तर गती मंद समजली जाते. पहिल्या फिल्मवर डाव्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांसारख्या नऊ कड्या आम्ही मोजल्या, दोन महिन्यांनी त्या तीनच होत्या. रेचके दोन्ही वेळी बंद होती. फरक इतकाच, की पहिल्या वेळी नवरात्राचे उपवास चालू होते, आणि हे तिला कोणी विचारलेच नाही.

गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीत तर संकोचाचीही भर पडते, कारण परक्या खोलीत, कुशीवर निजवून, नळी आत असताना जोर करायला सांगितले, की निरोगी माणसाचेही स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जाऊ शकतात. अशा एका आकड्यावर वर्षानुवर्षांचे उपचार ठरावेत, हे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

चाचणीआधीच्या आठवड्यातला आहार, औषधे आणि प्रवास यांची नोंद अहवालावरच छापली जावी, आणि मोठे आतडे काढण्यासारखी शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी चाचणी पुन्हा करून रुग्णाची शौचाची रोजनिशीही तपासली जावी, अशी पोटविकारतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा