जर्मन मिक्सर आणत नाही
हॅनोव्हर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू सांगितलेला जर्मन मिक्सर घेतला नाही. फोनवर तू जर्मनच हवा म्हणून भांडलीस आणि बाबा स्वदेशीच हवा म्हणून. रागावू नकोस, आधी वाच.

दुकानात तासभर घालवला. सुकं खोबरं, दगडफूल, धणे यात वाटता येतील का, असं विचारलं तर तिथल्या मुलीने खोक्यावरची चित्रं दाखवली. केळी, स्ट्रॉबेरी, बर्फ! एकच उंच काचेचं भांडं, त्यात कोरडा मसाला टाकला की कडेला चिकटून बसतो आणि पातं नुसतंच गरगरतं. तुला सांगितलं नव्हतं, पण दिवाळीत मी माझ्या इथल्या ब्लेंडरमध्ये भाजणी दळायला गेले होते. जळका वास आला आणि कारभार आटोपला. दुरुस्तीवाल्याने नुसतं बघायचे चाळीस युरो सांगितले, नवा पंचावन्नला होता. टाकून दिला. मन फार खात राहिलं.

बाबा, आपल्या मिक्सरचा जन्मही असाच झाला, बरं का. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनियरच्या बायकोचा जर्मन मिक्सर बिघडला आणि आपल्याकडे तो कोणी दुरुस्त करेना. त्यातून त्यांचा 'सुमीत' मिक्सर आला. आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर आणि स्टीलची भांडी.

पण म्हणून तुम्ही जिंकलात असं नाही हं. बारकोड ८९० ने सुरू झाला की माल स्वदेशी, हे बाबा, तुम्ही बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजारात सांगत सुटलाय, ते बंद करा. ८९० चा अर्थ एवढाच, की कंपनीने तो नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. माल कुठेही बनलेला असू शकतो. त्यापेक्षा पाकिटावर बारीक अक्षरात देशाचं नाव असतं, ते चष्मा लावून वाचा. माझी इथली किटली नावाने अस्सल जर्मन, उलटी केली तर 'मेड इन चायना'. आणि 'मेड इन जर्मनी' हा शिक्का मुळात जर्मनांनी हौसेने मारलेलाच नाही. इंग्रजांनी १८८७ साली कायदा केला, की बाहेरच्या मालावर देशाचं नाव हवं. म्हणजे गिऱ्हाईक तो स्वस्त नकली माल ओळखेल आणि टाळेल. झालं उलटंच!

फोनवर भांडताना दोघांनी सयाजीराव महाराजांनाच साक्षीला बोलावलंत, त्याचं मला फार हसू आलं. बाबांचं कलाभवन, म्हणजे आपल्या मुलांना तंत्र शिकवणारी महाराजांची संस्था, आणि आईचा इंग्रज साहेबांच्या नकाशावर उभा राहिलेला लक्ष्मी विलास राजवाडा, दोन्ही १८९० चे. महाराज दोघांनाही पुरले.

मी येताना बटाटे सोलायची सालकाढणी आणि एक सुरी आणतेय, त्या इथल्या खरंच चांगल्या आहेत आणि त्यांत बिघडण्यासारखं काही नाही. घरचा जुना मिक्सर मात्र मांडवीजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे न्या. आई म्हणते तसा खरखर आवाज येऊन पातं थांबत असेल, तर बहुतेक खालचा रबरी कपलर, म्हणजे मोटरला भांड्याच्या पात्याशी जोडणारा तुकडा, झिजलाय. भांडंही बरोबर न्या, नुसता मिक्सर नेलात तर पुन्हा हेलपाटा पडेल.

तुमची,
मनी