पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रं चावलं की मराठवाड्यात वाड्या-तांड्यांवर अजून ऐकू येतं, "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, अन् त्यानं माणूस लुळा पडतो." ही भीती उगाच पसरलेली नाही. रेबीजवरची जुनी सेंपल लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून बनवत. तिच्यात मेंढीच्या मज्जातंतूंवरचं आवरणही उतरायचं. ते माणसाच्या आवरणासारखंच असल्याने काहींचं शरीर स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटायचं. ताप, पायांतली ताकद जाणं, लघवी अडणं अशी लक्षणं साधारण दोन आठवड्यांत दिसत. देशात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली.

आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनते, तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. कातडीत ०.१ मिली, दोन दंडांवर. ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस, चावल्याचा नव्हे. जखम बरी दिसली की २८ व्या दिवसाचा डोस हमखास राहतो. राहिलाच तर पुन्हा पहिल्यापासून नको, तिथूनच पुढे घ्यावा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी. चुना, मिरचीपूड, हळद यांतलं काहीही भरू नये.

रक्त निघालं असेल तर जखमेत सीरमही (विषाणूला रोखणारी तयार प्रतिद्रव्यं) लागतं. घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २०००. त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर पित्त, सांधेदुखी आली तर तो सीरमचा त्रास असतो. औषधांनी बरा होतो, त्यापायी लस सोडू नये.

काही लसींनंतर क्वचित गिया-बारे (शरीर स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार) होऊ शकतो. जुलाब किंवा तापानंतरही होतो. दोन्ही तळपायांना मुंग्या, मग उकिडवं बसून उठता न येणं आणि ही अशक्तता वर चढत जाणं ही त्याची खूण. हा मणक्याचा त्रास समजून मालिश, शेक करण्यात दिवस घालवू नयेत, श्वासाचे स्नायूही थकतात. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड यांतलं जवळचं वैद्यकीय महाविद्यालय गाठावं. उपचार शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिद्रव्यं) देणं किंवा रक्तातला प्लाझ्मा (द्रव भाग) बदलणं हा आहे. स्टेरॉइडने फायदा होत नाही.

लसीचं कार्ड जपून ठेवावं, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. लसीनंतर रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने २४ तासांत वर कळवायचं असतं. त्यांनी टाळलं तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर घरच्यांनाही नोंद करता येते.

– आरोग्य कर्मचारी, परभणी जिल्हा