बसायला जागा असेल, तर माणसे बोलतात

शहरातली माणसे अनोळखी माणसाशी बोलेनाशी झाली, अशी खंत व्यक्त करणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाने सारा दोष मोबाइलला दिला आहे. ते पटत नाही. निवृत्तीनंतर मी रोज संध्याकाळी नाशिकच्या गंगाघाटावर, म्हणजे गोदावरीच्या काठी, जातो. तिथल्या बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता दोन अनोळखी बायका लेकीच्या बाळंतपणापर्यंत पोहोचलेल्या मी ऐकल्या आहेत. रामकुंडाच्या पायऱ्यांवर अस्थिविसर्जन करून सुन्न बसलेल्या परगावच्या माणसापुढे शेजारचा नाशिककर न बोलता पाण्याची बाटली धरतो. नावगाव नंतर, किंवा कधीच नाही. हीच माणसे कॉलेज रोडवर एकमेकांना ओलांडून जातात, कारण तिथे थांबायचे कुठे? पदपथावर दुचाक्या, आणि बसायचे तर काहीतरी विकत घेऊनच.

विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून हेच टिपले : जिथे बसायला जागा, तिथे माणसे. त्याच्या निरीक्षणांच्या आधारे त्या शहराने १९७५ मध्ये नियम बदलून नव्या इमारतींपुढील सार्वजनिक चौकांत बसण्याची सोय सक्तीची केली. सिंहस्थानिमित्त आपल्याकडे रस्त्यांची कामे निघत आहेत. त्यांतच महापालिकेने सावलीतले साधे कट्टे बांधावेत, आणि झाडांचे जुने पार सुशोभीकरणाच्या नावाखाली कठडे लावून बंद करू नयेत.

– एक ज्येष्ठ नागरिक, पंचवटी, नाशिक