गोळी कधी थांबणार, तेही लिहा

संपादक महोदय,

‘स्टेरॉइड’ हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा व्यायामशाळेच्या किंवा पदक काढून घेतलेल्या खेळाडूच्या बातमीतच येतो. त्यामुळे माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन आलं तेव्हा घरातल्यांचे चेहरेच उतरले. स्नायू फुगवणारं स्टेरॉइड वेगळं आणि हे वेगळं, हे समजावण्यात माझा पहिला आठवडा गेला. खरं तर तेव्हा मलाही ते अर्धवटच कळलं होतं.

सुरुवात पायमोज्यांपासून झाली. मोज्याचं इलॅस्टिक बसतं तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. घामोळं समजून मी पावडर लावत राहिले. काचेचा पेला दाबून धरला तरी असे ठिपके पुसट होत नाहीत, ही त्यांची खूण मला नंतर समजली. मग कुठे आपटलेलं नसताना नडग्यांवर काळेनिळे डाग, आणि एका रात्री नाकातून रक्त सुरू झालं ते चाळीस मिनिटं थांबेना. गालाच्या आतून रक्ताचे फोड आले होते. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, 9 हजार. असायला हव्यात किमान दीड लाख. निदान झालं आयटीपी. यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेटना परकं समजतं, त्यांच्यावर प्रतिपिंडं चिकटतात आणि प्लीहा त्या गिळून टाकते. स्टेरॉइडने ही नासधूस थोपते, त्यामुळे त्या वेळी ते देणं बरोबरच होतं. आठवड्याभरात आकडा 78 हजारांवर गेला, फोड सुकले.

माझी तक्रार त्यापुढची आहे. मी गणित शिकवते. कपाटाच्या दाराला आतून आलेखाचा कागद चिकटवून मी दर तपासणीला एकेक बिंदू मांडत गेले. गोळी कमी केली की रेघ खाली, वाढवली की वर. करवतीचे दातेच जणू. डॉक्टर दर खेपेला म्हणत, ‘आकडा वाढेपर्यंत चालू ठेवा.’ किती आकडा, किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. असे अकरा आठवडे गेले.

तेवढ्यात पोरीचा चेहरा ओळखू येईना इतका गोल झाला. रात्री दोनला स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजायची. पाठभर पुरळ उठलं. एकदा तिने वही भिंतीवर भिरकावली आणि स्वतःच घाबरून मला विचारलं, ‘आई, मला वेड लागतंय का गं?’ चिडचिड, रडू, उडालेली झोप हे सगळं त्या गोळीचं देणं होतं, पण तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं, ‘भूक थोडी वाढेल.’ दिवसाचा डोस सकाळी घेतला तर झोपेचा त्रास कमी होतो. आम्ही मात्र तो जेवणानंतर रात्री देत होतो. वर्गाचा फोटो होता त्या दिवशी ती शाळेत गेली नाही.

मग मी मूर्खपणा केला. नणंदबाई म्हणाल्या, ‘किती दिवस विष घालणार पोरीला?’ आणि मी गोळ्या एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. तिला दाखल करावं लागलं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी शरीराला लागणारं स्टेरॉइड स्वतः बनवतात. बाहेरून बरेच दिवस मिळत राहिलं की त्या सुस्तावतात, त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा असतो. हे मला सलाईनच्या बाटलीखाली बसून कळलं.

तिथे भेटलेल्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी माझा आलेख पाहिला, घडी घालून परत दिला आणि आधी मुलीच्या हिरड्या तपासल्या. मग सरळ तिलाच विचारलं, ‘पाळीत पॅड किती वेळाने बदलावं लागतं?’ अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना त्यांच्याकडूनच कळल्या. नव्याने आयटीपी झालेल्या मुलांत रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल तर नुसतं लक्ष ठेवा. स्टेरॉइड द्यावंच लागलं आणि जिवाला धोका नसेल, तर ते सात दिवसांपेक्षा लांबवू नका. आमचे अकरा आठवडे झाले होते.

आज चौदा महिन्यांनी तिच्या प्लेटलेट 30 हजारांच्या आसपास असतात. स्टेरॉइड बंद आहे. पाळीत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घरात ठेवतच नाही. गरज पडली तर अस्थिमज्जेकडून प्लेटलेट वाढवून घेणाऱ्या गोळ्या आहेत. कपाटावरचा कागद तिने स्वतः काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर परीक्षेचं वेळापत्रक लिहिलं.

डॉक्टरांना माझी विनंती एवढीच: चिठ्ठीवर डोस लिहिता त्याच ओळीत तो कधी आणि कसा उतरवायचा तेही लिहा. आणि रोगी चौदा वर्षांचा असेल तर चेहरा, भूक, राग यांबद्दल त्याच्याशीच बोला. आई खुर्चीत शेजारी बसलेली असतेच.

– एक गणित शिक्षिका
(नाव छापू नये, अशी मुलीची अट आहे.)