सुजेचा पंप द्याल, तेव्हा पट्ट्याही द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

विदर्भात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी दिल्या जातात, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात, वर्षानुवर्षे सुजलेला पाय उतरत नाही. अशा पायाला हवेच्या दाबाच्या पंपाने, म्हणजे पायावर चढवलेली पिशवी हवेने फुगवून पाय दाबणाऱ्या यंत्राने, आराम पडतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर सुजणाऱ्या हातालाही पडतो. म्हणून जिल्हा रुग्णालयांत पंप हवेतच. फक्त नुसते यंत्र पाठवू नका.

एकाच कप्प्याचा पंप घेऊ नये. तो पाय सगळीकडून एकदम आवळतो, त्यामुळे पाणी वर सरकते तसे खालीही जाते. पावलाकडून मांडीकडे क्रमाने फुगणारे किमान चार कप्पे हवेत, दाब कमीजास्त करता यायला हवा. साधारण ३० ते ४० मिमी पारा, पाऊण ते एक तास, एवढे बहुतेकांना पुरते. लवकर उतरावा म्हणून दाब वाढवला, तर सुजेचे पाणी वाहून नेणाऱ्या कातडीखालच्या नाजूक नळ्या, म्हणजे लसिकावाहिन्याच, चेपतात.

लावण्याआधी पैंजण, जोडवी काढायची. बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या करायच्या, आत सुती मोजा घालायचा. टेपने दर १० सेंटीमीटरला घेर मोजून लिहायचा. पाय लाल, गरम असेल आणि ताप असेल, तर पंप बंद. पोटरी अचानक दुखून सुजली असेल, तर आधी डॉप्लर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), कारण शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आडवे झाल्यावर दम लागणाऱ्या हृदयरोग्यालाही पंप नको, पायातले पाणी हृदयावर येते. मधुमेहात पाय बधिर असू शकतो, मग दाब जास्त झालेला कळतच नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती नंतर. पंप पाणी हलवतो, प्रथिने तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. पंप काढल्या काढल्या कमी ताणली जाणारी (शॉर्ट-स्ट्रेच) पट्टी बांधली नाही, तर उतरलेली सूज परत भरते. मांडीच्या वरच्या टोकाशी कडक वळे तयार होते, कधी जननेंद्रियही सुजते. म्हणून पंपाआधी जांघ आणि पोटाकडचा मार्ग हाताने मोकळा करावा लागतो, आणि ते शिकलेल्या माणसाचेच काम आहे.

तेव्हा पंपाच्या खरेदीतच प्रत्येक रुग्णामागे पट्ट्यांचे दोन संच धरावेत, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरा पायावर राहील. प्रत्येक केंद्रावर एका फिजिओथेरपिस्टचे प्रशिक्षण झाल्याशिवाय यंत्राचे खोके उघडू नये.

आपले,
सुजेवर उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट